नऊ आला तर तो बोलेल

मी माझ्या मित्राचं पत्र चोरून वाचलं आणि त्यातला मजकूर त्याच्या हरवलेल्या भावाच्या तोंडी घालून त्यालाच ऐकवला. तो खेळ होता. पण मित्राने तो खेळ म्हणून ऐकला नाही, आणि हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कळूनही मी गप्प राहिलो. माझ्या त्या गप्प राहण्यामुळे एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावात एक बाई आयुष्यभर नवऱ्याची वाट पाहत बसली. पुढचं लिहिताना स्वतःला सांभाळून घेण्याचा मोह होणार आहे. तसं कुठे झालं, तर वाचणाऱ्याने ते ओळखावं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही भद्रावतीला कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. वडील कामगार होते. वर्गात माझ्या शेजारी एका इंजिनिअर साहेबांचा मुलगा बसायचा. ते साहेब ट्रेनिंगसाठी परदेशात जाऊन आले आणि येताना पोरासाठी एक डबा घेऊन आले. डब्यात एक इंग्रजी पुस्तिका, चौकटींचे कागद आणि फाशांसाठी एक रिकामा कप्पा होता. फासे प्रवासात कुठेतरी हरवले होते.

आज या खेळाला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. तेव्हा आम्ही त्याला नुसतं ‘सांगणी’ म्हणायचो. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी कुणीतरी दुसरं व्हायचं. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे, पूल मोडला आहे, आता काय करता? ज्याने त्याने आपण काय करतो ते बोलायचं. जमतं की नाही, ते फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही, हरत नाही.

माझी मोठी बहीण ऐकून हसली होती. “म्हणजे नुसतं बसून गप्पा हाणाच्या? त्यासाठी इतक्या लांबून डबा आणला बाप्पा?”

पण पहिल्या रविवारी तीच सगळ्यात जास्त रंगली. ती सत्तर वर्षांची चोरटी म्हातारी झाली. दात नसलेली, पण कुठलंही कुलूप उघडणारी. एरवी माझी बहीण घराबाहेर पडताना आईला तीन वेळा विचारायची.

फाशांचा प्रश्न तिनेच सोडवला. चंद्रपूरच्या एसटीत कंडक्टर पेटीतून जी छापील तिकिटं फाडून द्यायचा, त्यांवर नंबर असायचे. आम्ही स्टँडवर पडलेली तिकिटं गोळा केली, बिस्किटाच्या डब्यात भरली. हात घालायचा, एक तिकीट काढायचं आणि नंबरातला शेवटचा आकडा पाहायचा. शून्य सगळ्यात वाईट, नऊ सगळ्यात चांगला. डबा हलवला की आत सुकलेल्या पानांसारखा आवाज व्हायचा.

पुस्तिकेतले राक्षस आम्हाला कळेनात. जमिनीखालचं भुयार मात्र लगेच कळलं. बुद्धपौर्णिमेला आम्ही घरचे सगळे विजासनच्या लेण्यांत जायचो. आत गेलं की आपलाच आवाज आपल्याकडे परत येतो, पण थोडा उशिरा आणि थोडा जाड होऊन. वर्गातल्या अर्ध्या पोरांचे बाप कोळशाच्या खाणीत होते. त्यामुळे भुयार कसं असतं, हे कोणाला शिकवावं लागलं नाही.

चौथा गडी म्हणून मी माझ्या मित्राला आणलं. तो माडिया आदिवासी होता. सूरजागडच्या डोंगरांच्या बाजूच्या एका गावातून आलेला, इथे वसतिगृहात राहणारा. मराठी तो शाळेत शिकला होता आणि वर्गात ती जपून वापरायचा, कारण वाक्य चुकलं की मागच्या बाकावरून नक्कल व्हायची. नकलेला मीही हसलो आहे.

खेळ समजावून सांगितल्यावर त्याने विचारलं,

“म्हणजे खोटं बोलाचं?”

“खोटं नाई बे. सोंग घ्याचं.”

“मंग समोरच्याले कसं समजते, सोंग कुठी संपलं ते?”

“डबा बंद केला का संपलं,” बहीण म्हणाली.

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं, हे मला आज कळतं.

तो वाटाड्या झाला. आणि जो मुलगा वर्गात तोंड उघडत नव्हता, तो खेळात आमचा पुढारी झाला. तेव्हा सांगणारा साहेबांचा मुलगा असायचा. तो म्हणायचा, झुडपातून वाघ येतो. माझा मित्र म्हणायचा, “असा येत नाई वाघ. आधी माकडं वरडते. मंग सगळं गप होते. गप झालं का समजाचं, तो तुले पाहून राह्यला.” त्याने असं म्हटलं की आम्ही चौघेही गप्प व्हायचो आणि कोणीतरी आपल्याकडे पाहतं आहे असं वाटायचं. हळूहळू पुस्तिकेतलं जग गळून पडलं आणि आम्ही त्याच्या जंगलात खेळू लागलो.

माणसांना हा खेळ का आवडतो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. साहस वगैरे वरवरचं कारण आहे. आपलं नाव, जात, बापाचा हुद्दा, आपली अडखळणारी जीभ, हे सगळं दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवता येतं. आणि आपण बोललो की तीन माणसं ऐकतात. ती म्हणतात, बरं, मग पुढे? एवढ्या लक्षाने तोवर आमचं कोणी ऐकलं नव्हतं. जी गोष्ट स्वतःच्या नावाने विचारायची हिंमत नसते, ती दुसऱ्याच्या नावाने विचारता येते. हेच या खेळाचं सुख आहे. त्यातलं भय मला तेव्हा दिसलं नाही.

साहेबांची बदली झाली. त्यांचा मुलगा जाताना डबा माझ्याकडे देऊन गेला आणि मी सांगणारा झालो. त्यांचं क्वार्टर रिकामं राहिलं. मागच्या दाराची कडी नीट लागत नसे, म्हणून आम्ही रविवारी दुपारी तिथेच बसू लागलो. सामान हलवलेल्या घरात भिंतींवर कॅलेंडरांचे, आरशाचे, कपाटाचे फिकट चौकोन उरतात. त्या चौकोनांकडे पाहत मी भुयारातल्या खोल्या रचायचो. दुपारी दोनला बाहेर झळा मारायच्या. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. बोलणं थांबलं की घर ऐकत आहे असं वाटायचं.

मार्चमध्ये मित्राने मला भूगोलाची वही दिली. वहीत एक पत्र होतं. मी ते उघडलं. चुकून उघडलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो. पण ते चार घड्यांचं होतं, आणि चार घड्या चुकून उघडत नाहीत.

पत्र गावच्या मास्तरांनी त्याच्या आईच्या वतीने लिहिलं होतं. त्याचा मोठा भाऊ दोन महिन्यांपूर्वी जंगलात गेला तो परत आला नव्हता. कोणी वाघ म्हणत होतं, कोणी काहीच म्हणत नव्हतं. कुऱ्हाड तेवढी सापडली. तिचा तडकलेला दांडा निळ्या चिंधीने बांधलेला होता, आणि ती चिंधी भावाच्या बायकोने आपल्या लुगड्याची फाडून दिली होती. म्हणून ओळख पटली. आता गावचे जाणते म्हणत होते की त्याच्या नावाचा दगड उभा करावा. त्यांच्याकडे माणूस गेला की गावाबाहेर, आधीच्या दगडांच्या रांगेत, त्याचा दगड उभा करतात. दगड उभा राहिला की गेलेल्याला जागा मिळते आणि मागे राहिलेल्यांना सुटका. भावाची बायको एकोणीस वर्षांची होती. तिला पुढे संसार करायला मोकळीक मिळाली असती. पण धाकट्या भावाने हो म्हटल्याशिवाय आई तयार नव्हती. तू काय ते कळव, असं शेवटी लिहिलं होतं.

मी पत्र घडी घालून जागच्या जागी ठेवलं. मित्र त्याबद्दल माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. मला त्याचा राग आला, हे लिहायला लाज वाटते. मी सांगणारा, आणि मलाच सांगितलं नाही.

आमच्या घरी भुतांना थारा नव्हता. रविवारी सकाळी विहारात वंदना व्हायची. कोणी अंगात आल्याचं बोललं की आई त्याला डॉक्टरकडे जायला सांगायची. मेलेली माणसं बोलत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच त्यांचा आवाज काढताना मला काही वाटलं नाही.

एप्रिलचा पहिला रविवार. तिघंच होतो. मी त्यांना भुयाराच्या शेवटच्या खोलीत आणलं.

“इथे भिंत नाही,” मी म्हणालो. “नुसता काळोख आहे. त्याला हरवलेल्या माणसाबद्दल विचारता येतं. तिकीट काढायचं. नऊ आला तर तो बोलेल.”

“आणि दुसरा आकडा आला तर? साहेब जेवाले गेले म्हणाचं?” बहीण म्हणाली.

मित्र हसला नाही. त्याने डब्यात हात घातला आणि तिकीट काढून जमिनीवर ठेवलं. नऊ.

“माझा भाऊ कुठी हाये?” त्याने विचारलं.

खेळातल्या वाटाड्याला भाऊ नव्हता. बहिणीने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच डबा बंद करायला हवा होता. त्याऐवजी मी मान खाली घातली आणि आवाज उतरवला. लेण्यातला आवाज परत येतो तसा, जरा उशिरा आणि जरा जाड.

“माझी कुऱ्हाड तुम्हाला सापडली,” मी म्हणालो. “दांड्याला निळी चिंधी आहे. तिच्या लुगड्याची.”

त्याचा चेहरा कसा झाला, ते मी सांगू शकत नाही, कारण मी वर पाहिलं नाही. तिकिटांची सळसळ ऐकू आली. दुसरं तिकीट. पुन्हा नऊ.

“जिता हायेस का?”

आणि तेव्हा, पाणी तोडलेल्या त्या घरात, स्वयंपाकघरातला नळ सुसकारला. आधी हवा, मग एक थेंब, मग थांबून दुसरा. बहीण उठून उभी राहिली. कुठेतरी व्हॉल्व्ह फिरवला असेल, दुसरं काही नसेल. पण माझ्या अंगावर त्या उकाड्यात काटा आला, आणि तरीही मी तो आवाज वापरला.

“मी पाण्याजवळ आहे,” मी म्हणालो. “ऐकू येतं ना?”

तिसरं तिकीट त्याने माझ्या पायाशी ठेवलं. तेही नऊ होतं. डब्यात दीडशेच्या वर तिकिटं होती आणि मी त्यांत काहीही केलं नव्हतं. हे मी कुणाच्याही शपथेवर सांगायला तयार आहे. त्या दुपारी जे जे घडलं, त्यात नळ सोडला तर माझा हात नसलेली गोष्ट एवढीच.

“गाव दगड उभा करा म्हणून राह्यलं,” तो म्हणाला. “करू का?”

पत्र वाचलेलं असल्यामुळे या प्रश्नाचं वजन मला ठाऊक होतं. एका घराचं पुढचं आयुष्य त्या प्रश्नात होतं. पण मी घटकाभर खरंच तो काळोख झालो होतो. एक माणूस जीव मुठीत धरून माझ्या शब्दाची वाट पाहत होता आणि मला त्याचं सुख वाटत होतं. थोडी दयाही असेल. पण सुख आधी होतं.

“नको,” मी म्हणालो. “मी येतो आहे.”

मग तो माडियात, त्याच्या घरच्या बोलीत, बोलू लागला. भरभर, लहान मुलासारखं, मध्येच हसत. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तो थांबला आणि उत्तराची वाट पाहू लागला. नळ ठिबकत होता. मी डब्याचं झाकण लावलं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, “चिंधीचं तुले कोणं सांगितलं?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “तोंडातून आलं.”

तो थोडा वेळ चालला. “तो माडियात काऊन नाई बोलला मंग?” मी काही बोलायच्या आत त्याने स्वतःच मान डोलावली. “तुझ्या तोंडानं बोलला ना. तुले येत नाई.”

माझी सबब त्याने स्वतःच शोधून मला दिली. मी ती घेतली.

बहिणीने त्या दिवशी फक्त एवढंच म्हटलं, “तुले कुठून तरी समजलं असंल. त्याले सांगून टाक. मी नाई येत आता या खेळाले.” ती परत आली नाही, आणि मी सांगितलं नाही.

त्याने घरी कळवलं, थांबा म्हणून. परीक्षा झाली, तो गावी गेला. पावसाळ्यात त्याचं एक पोस्टकार्ड आलं: अजून आला नाही, वाट पाहून राह्यलो. पुढच्या वर्षी दुसरं आलं: वहिनीले चांगलं मागणं आलं होतं, तिनं नाही म्हटलं, तू सांगितलं म्हणून थांबली. ‘तू’ असंच लिहिलं होतं. भाऊ नव्हे, तू. मी दोन्ही कार्डांना उत्तर दिलं नाही. डबा बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत कुठेतरी गेला. मी नोकरीसाठी नागपूरला आलो, संसाराला लागलो आणि बुद्धी शाबूत असलेला माणूस जसा विसरायचा प्रयत्न करतो तसा केला. नळ सुसकारला की मी खोलीतून उठून जायचो, एवढंच माझ्या बायकोला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने हाच खेळ घरी आणला. रंगीत, वीस बाजूंचे फासे. तिच्या मैत्रिणी दिवाणखान्यात बसून हसत होत्या, घाबरत होत्या. एक अबोल मुलगी त्यांत राणी झाली होती आणि काय सुरेख बोलत होती! मी दारात उभा होतो.

“बाबा, या ना. तुम्हाला नाही कळणार, पण सोपं आहे.”

“मला येतो हा खेळ,” मी म्हणालो, आणि माझा आवाज असा झाला की त्या सगळ्या थांबल्या. मग मी तिला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तिने मला दोष दिला नाही. फक्त विचारलं, “त्या बाई आहेत का अजून?”

मला माहीत नव्हतं. ते माहीत नसणं मला सहन होईना.

गेल्या मार्चमध्ये मी अहेरीवरून एटापल्लीला, आणि तिथून पुढे गेलो. ट्रक लाल धूळ उडवत जात होते, झाडांची पानं तांबडी झाली होती. मित्र आश्रमशाळेतल्या नोकरीतून मुदतीआधीच निवृत्त होऊन गावातच राहत होता. एटापल्लीत पहिल्याच माणसाने पत्ता सांगितला. मित्राने मला अंगणातूनच ओळखलं.

“अबे, सांगणारा!” तो म्हणाला. “केस कुठी ठेवून आला?”

गावात शिरण्याआधी मी दगड पाहिले होते. मोहाच्या झाडांजवळ ओळीने उभे, कोणी खांद्याएवढे, कोणी गुडघ्याएवढे. शेवटी एक दगड आडवा पडलेला होता. बाकीच्यांच्या पायाशी गवत वाढलं होतं. आडव्या दगडाभोवतीची जमीन मात्र स्वच्छ झाडलेली होती. मी त्याच्याजवळून चालताना पाय उचलून टाकले, कोणी झोपलेलं असावं तसे.

पाणी प्यायल्यावर मी मित्राला सगळं सांगितलं. वही, चार घड्या, चिंधी. तो ऐकत होता. पूर्वीसारखाच, पूर्ण लक्ष देऊन. वाघ येण्याआधी त्याचं जंगल गप्प व्हायचं तसा तो गप्प झाला.

“आई मराची होती,” तो शेवटी म्हणाला, “तवा म्हणे, रात्री दार लावू नोको. आम्ही लावलं नाई.”

त्याने माझा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

“मी पोरगा होतो. मी इस्वास ठेवला. पण तू दोन कार्डं वाचले ना?”

“वाचले.”

तो उठला. “मले नोको सांगू आता. तिले सांग. तिले मराठी कमी समजते. मी माडिया करून सांगतो. पण एक शब्द कमी करणार नाई, एक जास्त करणार नाई.”

ती मोहाखाली फुलं वेचत होती. केस पांढरे झालेले, पाठ सरळ. झाडलेल्या जमिनीवर पिवळसर फुलांचा सडा होता आणि टोपली अर्धी भरली होती. मित्राने तिला काहीतरी सांगितलं. ती आमच्याकडे तोंड करून बसली आणि तिने हात मांडीवर ठेवले. तिच्या मागे तो आणून ठेवलेला, पण कधीच उभा न केलेला दगड पडला होता.

एकदा मी मित्राच्या भावाचा आवाज झालो होतो. आता माझा प्रत्येक शब्द त्याच्या तोंडून जाणार होता. मी एक वाक्य बोलायचो आणि थांबायचो. तो ते माडियात सांगायचा. तिची नजर त्याच्याकडे नव्हती, माझ्यावर होती.

“बाई,” मी म्हणालो, “मी तुमच्या घरचं पत्र चोरून वाचलं होतं.”

तो बोलला.

“तुमच्या लुगड्याची चिंधी मला त्यातून कळली. मला कोणीही येऊन सांगितलं नव्हतं.”

तो बोलला. चिंधीच्या शब्दाशी त्याचा आवाज अडला. ती हलली नाही.

“मी येतो आहे, दगड नको, हे तुमच्या नवऱ्याने सांगितलं नाही. ते मी बोललो. खेळात बोललो, आणि मग खरं सांगायला घाबरलो. तुम्हाला मागणं आलं, तुम्ही नाही म्हटलं, हेही मला कळलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर तुमचं आयुष्य तुमच्या हातात राहिलं असतं.”

हे त्याला सांगायला वेळ लागला. झाडावरून फुलं पडत होती. एक तिच्या खांद्यावर पडलं, ते तिने काढलं नाही. मी हात जोडले.

“तुम्हाला थांबायला त्याने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. माझं चुकलं, बाई.”